थायरॉइडचा कॅन्सर आयोडीन घ्यायचं का थांबवतो? बीरॅफ, एक बंद दार आणि काकूंची खारी

नवव्या दिवशी काकूंनी एक खारी खाल्ली.

थायरॉइडच्या कॅन्सरवर देतात त्या रेडिओआयोडीनच्या, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनच्या, डोसआधी दोनेक आठवडे आयोडीन कमी असलेलं जेवण असतं, म्हणजे घरातलं नेहमीचं आयोडीनवालं मीठ बंद, मासे बंद, सुकट-बोंबील तर अजिबातच नाही, दूध-दही-अंडी बंद किंवा नावापुरतं, बेकरीचं बंद, बाहेरचं बंद. काकू हे सगळं अगदी व्रतासारखं पाळत होत्या. त्या दिवशी सांगलीहून त्यांची बहीण आली होती, चहा झाला, गप्पा झाल्या, आणि समोरच्या डब्यातली एक खारी बोलता बोलता तोंडात गेली. पुढे डोस झाला, आठवड्याने स्कॅन झाला, आणि फुप्फुसातल्या ज्या गाठी सीटी स्कॅनवर स्वच्छ दिसत होत्या त्या आयोडीनच्या स्कॅनवर दिसल्याच नाहीत. ओपीडीत डॉक्टर म्हणाले, "तुमचा कॅन्सर आयोडीन घेत नाहीये, गाठीचा बीरॅफ पण पॉझिटिव्ह आहे", आणि दोन मिनिटांत पुढचा पेशंट आत. रिक्षात बसल्यावर काकू मला म्हणाल्या, "अगं, ती खारी नडली बघ."

खारी नडली नव्हती. पण हे त्यांना नीट पटवून द्यायला मला बरंच वाचावं लागलं. मी डॉक्टर नाही, बायोटेक शिकलेय, त्यामुळे वाचलेलं निदान कळतं तरी. आता बऱ्याच थायरॉइडच्या रिपोर्टवर हे 'बीरॅफ' (एका जनुकाचं नाव, पॉझिटिव्ह म्हणजे त्यात बिघाड) यायला लागलंय आणि घरोघरी लोक गोंधळतायत, म्हणून सगळं इथे लिहून ठेवतेय.

आधी या ग्रंथीचं रोजचं काम

थायरॉइड गळ्यात पुढच्या बाजूला असते आणि हॉर्मोन बनवते. त्या हॉर्मोनचा कच्चा माल म्हणजे आयोडीन. रक्ताच्या रिपोर्टवर टी-४, टी-३ असतं ना, त्यातला ४ आणि ३ म्हणजे त्या हॉर्मोनच्या एका रेणूत आयोडीनचे किती अणू आहेत तो आकडा. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, म्हणजे एका ग्रॅमचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागापेक्षाही कितीतरी कमी. रक्तात ते आयोडाइड या रूपात फिरतं (आयोडीनच्या अणूला एक जादा इलेक्ट्रॉन मिळाला की आयोडाइड, आपल्या कामापुरतं एकच समजा).

आता अडचण अशी की रक्तात आयोडाइड अगदीच विरळ, आणि थायरॉइडच्या पेशीत मात्र त्याच्या २० ते ४० पट जास्त साठलेलं असतं. जिथे आधीच गर्दी आहे तिथे आणखी माल आत कसा घ्यायचा? त्यासाठी पेशीच्या भिंतीत एक खास दार असतं, सोडियम आयोडाइड सिम्पोर्टर, थोडक्यात एनआयएस. लेखात यापुढे 'दार' म्हटलं की हेच. हे दार चालतं कसं ते बघायचं असेल तर संध्याकाळी दादरला उभे राहा. लोकल आली की लोंढा आत घुसतो. दोन मोठी माणसं त्या लोंढ्यात आहेत आणि दोघांनी मिळून एका पोराचा हात धरलाय. डबा आत खच्चून भरलेला असला तरी त्या दोघांबरोबर पोरगं आत ओढलं जातंच. ती दोन माणसं म्हणजे सोडियम आणि पोरगं म्हणजे आयोडाइड. सोडियम बाहेर भरपूर, पेशीत कमी, त्यामुळे त्याला आत यायची घाई असते, आणि प्रत्येक वेळी दोन सोडियमबरोबर एक आयोडाइड आत येतं. (आत आलेलं सोडियम पेशी दुसऱ्या एका पंपाने सतत बाहेर फेकत राहते, नाहीतर हा लोंढाच थांबेल.)

आत आलेलं आयोडाइड थायरोग्लोब्युलिन नावाच्या मोठ्या प्रथिनाला चिकटवून ठेवलं जातं, म्हणजे माल नुसता आत घेतला नाही तर कोठारात रचून ठेवला. आणि हे दार किती उघडायचं ते मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच हॉर्मोन पाठवून सांगते. टीएसएच वाढला की दारं वाढतात.

या दाराचं जनुक, म्हणजे ते दार कसं बनवायचं हे लिहिलेला डीएनएचा तुकडा, १९९६ साली आधी उंदरांच्या जातीतल्या प्राण्यात आणि लगेच माणसात सापडला. माणसात तो १९ नंबरच्या क्रोमोसोमवर असतो. हे लक्षात असू द्या, कारण पुढची सगळी गोष्ट या एका तुकड्याचं काय होतं याची आहे.

याच दारातून औषध पाठवायचं

दार ओळखायला १९९६ उजाडलं, पण त्याचा उपयोग त्याच्या पन्नासेक वर्षं आधीपासून चालू होता. ग्रंथी आयोडीन ओढते एवढं माहीत होतं, मग किरणोत्सारी आयोडीन दिलं तर तेही ओढेल आणि आतून पेशी जाळेल, इतका सरळ विचार. १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या माँटेफिओर हॉस्पिटलमध्ये थायरॉइड कॅन्सरच्या एका पेशंटला हे दिलं गेलं आणि १९४६ मध्ये त्यावर पेपर आला. त्या माणसाची थायरॉइड वीस वर्षांपूर्वी काढून टाकलेली होती, तरी अंगात हॉर्मोन जास्त झाल्याची सगळी लक्षणं होती, कारण शरीरात पसरलेल्या कॅन्सरच्या गाठीच हॉर्मोन बनवत होत्या! म्हणजे तो कॅन्सर झाला तरी आपला मूळ धंदा विसरला नव्हता, आयोडीन मागतच होता, म्हणून औषध त्याच्यापर्यंत पोचलं. सगळे कॅन्सर इतके लक्षात ठेवणारे नसतात.

आज वापरतात ते आयोडीन-१३१. दर आठ दिवसांनी निम्मं होतं, आणि त्यातून निघणारे बीटा कण शरीरात फार तर एक-दोन मिलिमीटर जातात, त्यामुळे ज्या पेशीने ते घेतलं ती आणि तिच्या आजूबाजूच्या एवढंच जळतं. आपल्याकडे ते तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या रिअ‍ॅक्टरमध्ये तयार होतं, आणि परळला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅनेक्समध्ये बीएआरसीचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून हे उपचार करतंय. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत 'परळला जाऊन आयोडीनचा डोस घेतला' हे वाक्य ऐकलेलं असतं.

डोस म्हणजे एक कॅप्सूल किंवा दोन घोट पाणी. पण मोठा डोस असेल तर दोन-तीन दिवस वेगळ्या खोलीत एकटं राहावं लागतं, भरपूर पाणी प्यायचं, फ्लश दोनदा करायचा, जेवण दाराशी ठेवून जातात. काकूंच्या पिशवीत आम्ही लिंबाच्या गोळ्या दिल्या होत्या. का, तर हेच एनआयएस दार लाळग्रंथींतही असतं, तिथेही थोडं औषध शिरतं आणि मग तोंड कोरडं पडतं, चव जाते, म्हणून लाळ वाहती ठेवायची. दूध पाजणाऱ्या आईच्या स्तनातही हे दार असतं, म्हणूनच या उपचाराच्या आधी बाळाचं अंगावरचं दूध पूर्ण तोडायला सांगतात.

मग कॅन्सर हे दार लावून का घेतो?

सोपं उत्तर असं की कॅन्सरच्या पेशीला हॉर्मोन बनवण्यात काही रस राहिलेला नसतो, तिला फक्त वाढायचंय. थायरॉइडचा सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे पॅपिलरी. त्याच्या पेशी बहुतेक वेळा आपला धंदा अर्धामुर्धा तरी लक्षात ठेवतात, म्हणूनच हा कॅन्सर एरवी बरा होणाऱ्यांत मोजतात. पण काही पेशी हळूहळू थायरॉइडपण सोडत जातात. किती सोडलं हे मोजता येतं. अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास प्रकल्पाने २०१४ मध्ये ४९६ पॅपिलरी गाठी तपासल्या, त्यात थायरॉइडच्या खास कामाच्या १६ जनुकांवरून प्रत्येक गाठीला गुण दिले, आपलं दारही त्या १६ मध्ये आहे. बीरॅफवाल्या गाठींचे गुण एकूणात कमी भरले.

तर आता बीरॅफ.

अडकलेली बेल

प्रत्येक पेशीत बाहेरून आलेला 'आता वाढ' हा निरोप आतपर्यंत नेणारी एक साखळी असते. एकाने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. रॅस सांगतो बीरॅफला, बीरॅफ सांगतो मेकला, मेक सांगतो अर्कला, आणि अर्क आत जाऊन जनुकांची कामं बदलतो. ही प्रथिनांची नावं आहेत, पाठ करायची गरज नाही, क्रम तेवढा डोक्यात ठेवा. निरोप संपला की साखळी गप्प. दारावरची बेल समजा, कुणी बटण दाबलं तर वाजते, बोट काढलं की थांबते.

बीरॅफच्या जनुकात १७९९ नंबरचं एक अक्षर बदलतं, टी च्या जागी ए येतं. तेवढ्याने प्रथिनातला ६०० नंबरचा मणी बदलतो, व्हॅलीनऐवजी ग्लुटामिक अ‍ॅसिड. रिपोर्टवर 'व्ही६००ई' लिहिलेलं असतं ते हेच. आणि या एका अक्षराने बेलचं बटण आत दबून अडकतं. बाहेर कुणी नाही, तरी बेल वाजतेय, रात्रंदिवस. त्या ४९६ गाठींपैकी साधारण ६० टक्क्यांत हा बीरॅफचा बिघाड होता.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. साखळीत एक ब्रेकही असतो. अर्कपर्यंत निरोप जोरात पोचला की अर्क मागे वळून वरच्यांना सांगतो, बास आता. रॅस बिघडला असेल तर निदान हा ब्रेक थोडाफार चालतो, त्यामुळे आवाज मध्यम राहतो. व्ही६००ई झालेला बीरॅफ मात्र तो ब्रेक ऐकतच नाही. म्हणून एकाच साखळीतल्या दोन बिघाडांत फरक पडतो, रॅसवाल्या गाठी बहुतेक वेळा आयोडीन बऱ्यापैकी घेतात, बीरॅफवाल्यांत ते कमी होतं.

बेल वाजतेय, पण त्याने दार का लागतं?

मला पेपर वाचताना सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला, त्यामुळे तुम्हीही जरा सावकाश वाचा.

माझ्या आजीची एक रेसिपीची वही होती. मोठी, तेलकट, वर्षानुवर्षांची. शरीरातल्या प्रत्येक पेशीत तशी एकच वही असते, डीएनएची. यकृताची पेशी तिची पानं उघडते, थायरॉइडची पेशी आपली. दाराची रेसिपी सगळ्यांच्या वहीत आहे पण ती मन लावून वाचते थायरॉइड, कारण तिच्याकडे ते पान शोधून उघडणारी माणसं आहेत. त्यातलं मुख्य एक प्रथिन म्हणजे पॅक्स-८. पॅक्स-८ त्या पानावर बोट ठेवतो तेव्हा कुठे दार बनायला सुरुवात होते.

बीरॅफची बेल सतत वाजायला लागली की पहिलं हे बोट निसटतं. बीरॅफ बिघडलेल्या पेशी टीजीएफ-बीटा नावाचा एक निरोप-रेणू जास्त सोडायला लागतात, तो परत त्याच पेशींवर काम करतो आणि पॅक्स-८ ची त्या पानावरची पकड ढिली होते. पान तिथेच आहे, पण उघडून धरणारं कुणी नाही.

दुसरं, पान चिकटतं. डीएनए पेशीत मोकळा पडलेला नसतो, हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. जे पान वाचायचंय तिथलं गुंडाळणं सैल असतं. बीरॅफवाल्या पेशींत दाराच्या पानापाशी या रिळांवरच्या खुणा बदलतात आणि गुंडाळणं घट्ट होतं, काही गाठींत डीएनएवर मिथाइलचे ठिपकेही पडतात. आजीच्या वहीत पुरणाचं आणि गुळाच्या पोळीचं पान पाकाने असं चिकटलं होतं की वर्षभर आम्हाला वाटत होतं ती रेसिपी लिहिलेलीच नाही. तसंच.

तिसरं मला अगदीच अनपेक्षित होतं. काही गाठींत दार बनतं, कधीकधी नेहमीपेक्षा जास्तही बनतं, पण ते भिंतीत बसतच नाही, पेशीच्या आतच पडून राहतं. पीबीएफ नावाचं एक प्रथिन आहे, थायरॉइडच्या कॅन्सरात ते वाढलेलं दिसतं आणि ते दाराला पकडून भिंतीतून आत ओढून घेतं. सुताराने दार करून दिलं आणि ते माळ्यावर ठेवलं, तर घरात कोण येणार?

आणि चौथं, कोठारही उठतं. आयोडाइड थायरोग्लोब्युलिनला चिकटवणाऱ्या एन्झाइमचं जनुकही याच बेलमुळे गप्प होतं, म्हणून थोडंफार औषध आत गेलं तरी ते टिकत नाही, गळून परत रक्तात जातं, पेशी जळायला जेवढा वेळ लागतो तेवढा ते थांबतच नाही. टीएसएचचा निरोप ऐकणारा रिसेप्टर, म्हणजे पेशीचा कानही कमी होतो, त्यामुळे टीएसएच वाढवून हाका मारल्या तरी आत कमीच ऐकू जातं.

या सगळ्यात एक गोष्ट बघितलीत का? दाराच्या स्वतःच्या जनुकाला बहुतेक वेळा धक्काही लागलेला नसतो. त्यात बिघाड नाही, अक्षर बदललेलं नाही, पान फाटलेलं नाही. बिघाड दुसरीकडेच आहे, बेलमध्ये, आणि दार त्याच्यामुळे बंद आहे. मला हे कळलं तेव्हा मी रात्री साडेअकराला काकांना फोन केला होता.

हे नुसतं अनुमान आहे की कुणी बघितलंय?

बघितलंय. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या संशोधकांनी असे उंदीर तयार केले ज्यांच्या थायरॉइडमधला बिघडलेला बीरॅफ औषध घातलेल्या खाण्याने चालू-बंद करता येतो. चालू केला की कॅन्सर झाला आणि आयोडीन घेणं थांबलं. बंद केला की आयोडीन घेणं परत सुरू. २०११ मध्ये हे छापून आलं. मेकला अडवणारं औषध देऊन, म्हणजे बेलची वायर मध्येच कापूनही दार बरंचसं उघडलं.

तर मग खारीचं काय?

हिशोब करू. आपल्याकडे आयोडीनयुक्त मिठात घरी पोचेपर्यंत निदान १५ पीपीएम आयोडीन असायला हवं असा नियम आहे, म्हणजे एक ग्रॅम मिठात १५ मायक्रोग्रॅम, फार तर दुप्पट धरा. एका खारीत पाव ग्रॅम मीठ धरलं तर चार ते आठ मायक्रोग्रॅम. पथ्याच्या दिवसात साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत राहा असं सांगतात. एक खारी त्यात कुठच्या कुठे बसते.

पण खरा पुरावा स्कॅनमध्येच होता. काकूंच्या त्या स्कॅनवर गळ्यात ऑपरेशननंतर उरलेला थायरॉइडचा छोटासा तुकडा काळाभोर दिसत होता, लाळग्रंथी दिसत होत्या, पोट दिसत होतं. माणूस तोच, खारी तीच, डोस तोच. पथ्यामुळे औषध अडलं असतं तर गळ्यातलाही तुकडा फिका दिसला असता. साध्या पेशींची दारं उघडी होती, फुप्फुसातल्या गाठींची बंद होती. मी फिल्म खिडकीला धरून काकूंना बोटाने दाखवलं, हे बघा हे घेतंय, हे घेत नाहीये. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे माझं काही चुकलं नाही." नाही काकू, काहीच नाही.

(पथ्य सोडा असं मी म्हणत नाहीये, पथ्य पाळायचंच. पण खरोखर अडवणारी गोष्ट असते ती आयोडीनचा कॉन्ट्रास्ट देऊन केलेला सीटी स्कॅन. त्या इंजेक्शनमध्ये आयोडीन मायक्रोग्रॅममध्ये नसतं, ग्रॅममध्ये असतं. असा सीटी हल्लीच झाला असेल तर न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांना आठवणीने सांगा, ते एक-दोन महिने थांबवतात. हृदयासाठीची अ‍ॅमिओडॅरोन गोळी चालू असेल तर तेही.)

बीरॅफ पॉझिटिव्ह म्हणजे आयोडीन फुकट गेलं का?

नाही, आणि हे ठळक सांगायला हवं कारण लोक रिपोर्टवरचा तो शब्द वाचूनच रडायला लागतात. इतक्या पॅपिलरी गाठींत बीरॅफ असतो आणि तरीही त्यातले बहुसंख्य लोक ऑपरेशनने, लागलं तर आयोडीनने, नीट बरे होतात. दार पूर्ण बंद होणं हे सगळ्यांत होत नाही, काहींत किलकिलं राहतं, एकाच माणसाच्या एका गाठीत उघडं आणि दुसरीत बंद असंही असतं. बीरॅफच्या जोडीला टर्ट नावाच्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागातही बिघाड असेल तर मात्र आयोडीन न घेण्याची शक्यता बरीच वाढते आणि आजारही जास्त दांडगा असतो, म्हणून हल्ली दोन्ही तपासतात.

कॅन्सर फुप्फुसात किंवा हाडात पसरल्यावर काय होतं त्याचा एक जुना आणि मोठा हिशोब फ्रान्समधला आहे, २००६ साली आलेला. तशा ४४४ पेशंटपैकी २९५ जणांच्या पसरलेल्या गाठींनी आयोडीन घेतलं. म्हणजे पसरल्यानंतरही सुमारे दोन तृतीयांश लोकांत दार थोडं तरी उघडं होतं.

डोस दुप्पट केला तर?

हा प्रश्न आमच्या घरात सगळ्यांनी विचारला. बंद दारावर जास्त माल आणून टाकला तर तो आत जात नाही, बाहेर साचतो. इथे बाहेर म्हणजे लाळग्रंथी, पोट, हाडांतला रक्त बनवणारा मगज. गाठीला काहीच नाही आणि तोंड कायमचं कोरडं, शिवाय डोसांची बेरीज फार वाढली तर पुढे ल्युकेमियासारख्या दुसऱ्या कॅन्सरचा धोका. म्हणून स्कॅन कोरा आला की चांगले डॉक्टर परत परत डोस देत बसत नाहीत. कुणी देत असेल तर का देताय ते विचारा.

हे मुलांना लागेल का?

काकूंच्या मुलीचा पहिला प्रश्न. बीरॅफचा हा बदल त्या गाठीच्या पेशींत आयुष्यात कधीतरी झालेला असतो, तो आईकडून मुलीकडे जात नाही. थायरॉइडचा मेड्युलरी नावाचा एक वेगळा कॅन्सर आहे, त्यात रेट जनुकाचा बिघाड घराण्यात उतरू शकतो, पण तो मुळात आयोडीन घेणाऱ्या पेशींचा कॅन्सरच नाही, त्याला रेडिओआयोडीन देतच नाहीत. रिपोर्टवर कुठला प्रकार लिहिलाय तो आधी वाचा, नावं सारखी वाटतात म्हणून घरात उगाच भीती पसरते.

बंद दार परत उघडता येतं?

उंदरांत उघडलं, मग माणसांत प्रयत्न झाले. कल्पना अशी की बेलची वायर कापणारी गोळी काही आठवडे द्यायची, मग स्कॅन करून दार उघडलंय का बघायचं, उघडलं असेल तर लगेच आयोडीनचा डोस. याला रीडिफरन्शिएशन म्हणतात, म्हणजे पेशीला तिचा जुना धंदा आठवून देणं.

२०१३ मध्ये आलेल्या पहिल्या अभ्यासात सेल्युमेटिनिब हे मेक अडवणारं औषध दिलं. तपासता आलेल्या २० जणांपैकी १२ जणांत आयोडीन घेणं वाढलं. बीरॅफवाल्या ९ पैकी ४ जणांत वाढलं, आणि एनरॅसवाल्या (रॅसचाच एक प्रकार) ५ पैकी पाचही जणांत. (ब्रेकची गोष्ट आठवा, वर सांगितलेली.) आठ जणांत ते डोस देण्याइतकं वाढलं, त्यातल्या पाच जणांच्या गाठी लहान झाल्या, उरलेल्या तिघांच्या जैसे थे राहिल्या. २०१५ मध्ये थेट बीरॅफला अडवणाऱ्या डॅब्राफेनिबवर १० जणांचा अभ्यास आला, ६ जणांच्या गाठींनी नव्याने आयोडीन घेतलं. मग फ्रान्समध्ये डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब, म्हणजे बीरॅफ आणि मेक दोन्हीकडे एकदम अडवून बघितलं, त्याचे आकडे २०२३ मध्ये आले, आयोडीनचा डोस मिळालेल्या २१ बीरॅफवाल्या पेशंटपैकी ८ जणांच्या गाठी सहा महिन्यांनी लहान झाल्या होत्या.

हे वाचून मलाही रात्रभर झोप आली नव्हती, पण दुसरी बाजू सांगायलाच हवी. हे सगळे अभ्यास छोटे आहेत. आणि २३३ जणांचा एक मोठा अभ्यास झाला, त्यात ऑपरेशननंतर आयोडीनबरोबरच सरसकट सेल्युमेटिनिब दिलं, तर पूर्ण बरं होण्याचं प्रमाण औषधवाल्यांत ४० टक्के आणि औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांत ३८ टक्के, म्हणजे फरक नाहीच. ज्यांचं दार बंद नाही त्यांना किल्ली देऊन फायदा होत नाही, असा मी त्याचा अर्थ लावते. शिवाय ज्या पेशींत डीएनएची रिळं सैल करणारी यंत्रणाच तुटलेली असते तिथे बेल बंद केली तरी पान सुटत नाही. म्हणून गाठीची जनुकं तपासल्याशिवाय यात उडी मारायची नसते. औषधं महाग आहेत, ताप, पुरळ, थकवा असे त्रासही होतात, आणि हा अजून सगळीकडचा रोजचा उपचार झालेला नाही.

दार उघडलंच नाही तर?

तर आयोडीनचा रस्ता बंद झाला, एवढंच. कितीतरी जणांच्या फुप्फुसातल्या बारीक गाठी वर्षानुवर्षं हळू वाढतात, तेव्हा टीएसएच दाबून ठेवणारी थायरॉक्सिनची गोळी आणि ठरावीक महिन्यांनी सीटी, एवढ्यावर चालतं. आयोडीन न घेणाऱ्या गाठी बऱ्याचदा साखर मात्र जास्त घेतात, त्यामुळे त्या पेट स्कॅनवर (त्यात किरणोत्सारी साखर टोचतात) चमकतात, आणि किती चमकतात त्यावरून डॉक्टरांना वेगाचा अंदाज येतो. गाठी वाढायला लागल्याच तर सोराफेनिब, लेनव्हॅटिनिब या गोळ्या आहेत. लेनव्हॅटिनिबच्या २०१५ मधल्या मोठ्या अभ्यासात आजार पुढे न सरकण्याचा काळ १८.३ महिने होता, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ३.६. गाठीत रेट किंवा एनट्रॅक हे जनुक दुसऱ्याच जनुकाला जोडलं गेलेलं सापडलं तर त्यांची वेगळी औषधं आहेत.

तपासणी कशावर करतात?

ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा नखाएवढा तुकडा मेणात बसवून पॅथॉलॉजी विभागात ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. जनुकांची तपासणी त्याच्यावर होते, नवी सुई टोचावी लागतेच असं नाही. ब्लॉक पेशंटला अर्ज करून मिळतो, ओळखपत्र आणि मूळ बायोप्सी रिपोर्टची झेरॉक्स न्यायची. घेताना ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर एकच आहे ना तेवढं तिथेच उभं राहून जुळवून घ्या, आणि उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते. काकांनी काकूंचा ब्लॉक जुन्या चष्म्याच्या डबीत, भोवती कापूस घालून आणला. सोमवारी तो लॅबकडे गेलाय, बीरॅफ माहीतच आहे, आता टर्ट आणि बाकीच्या जनुकांचा रिपोर्ट यायचाय.